एकाच बांधाला: रवांडाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं की ७ एप्रिलला युनो कसला स्मरणदिन पाळतं, त्याला मी आठ-दहा ओळीत उत्तर दिलं होतं की १९९४ साली आफ्रिकेतल्या रवांडा नावाच्या छोट्या देशात तुत्सी लोकांचा वंशसंहार झाला, साधारण १०० दिवसात आठ ते दहा लाख माणसं मारली गेली, आणि आज तिथं मारणारे आणि वाचलेले एकाच गावात राहतात. मला वाटलं विषय संपला. पण त्या शेवटच्या वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय, गुऱ्हाळाच्या अनुदानाचा आणि पेन्शनचा प्रश्न विचारणाऱ्यांनी एक महिना थांबावं ही विनंती.

ताई, मी विद्यापीठात एम.ए. करते, हॉस्टेलला असते. तुमचं ते वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही. ज्यानं आपला भाऊ मारला त्याच्या शेजारी कोण कसं राहू शकेल? खरंच राहतात की ही नुसती छापायला बरी दिसणारी गोष्ट आहे?

राहतात गं, खरंच राहतात. पण त्याचं पहिलं कारण मोठं मन हे नाहीये, पहिलं कारण जमीन आहे. रवांडा केवढा, तर आपला कोल्हापूर जिल्हा साडेतीन वेळा घेतला की झाला अख्खा देश. सगळी टेकाडं, आपण राधानगरी-गगनबावड्याकडं गेलो की दिसतं तसं, वर घरं आणि उतारावर शेताच्या बारक्या पट्ट्या, त्याला हजार टेकड्यांचा देशच म्हणतात. माणसं दाट आणि जवळजवळ सगळी शेतीवर. जी बाई दलदलीत नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर लपून वाचली तिचं रान तिथंच, आणि ज्यानं तिची माणसं मारली त्याचं रानही तिथंच, बांधाला बांध लागून. जाणार कुठं दोघं?

आणि मारणारे कोण होते हेही बघ. सैन्य होतं, इंटराहामवे नावाची तयार केलेली टोळधाड होती, पण त्यांच्याबरोबर शेजारी होते, शाळेतले मास्तर होते, गावचे पुढारी होते, काही ठिकाणी चर्चचे पाद्रीसुद्धा. तिथं बहुसंख्य हुतू, अल्पसंख्य तुत्सी, आणि सत्ता तेव्हा हुतूंकडं. ६ एप्रिलच्या रात्री हुतू राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं आणि काही तासात रस्त्यांवर नाकी उभी राहिली, ओळखपत्र बघायचं, त्यावर तुत्सी लिहिलेलं असलं की बाजूला काढायचं. पुष्कळ ठिकाणी हत्यार म्हणजे कोयता, आपल्याकडं ऊसतोडीला असतो तसला. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियीमाना यांना मारलं, त्या स्वतः हुतू होत्या पण या कटाच्या आड येत होत्या, असे विरोध करणारे हुतूही मारले गेले. त्यांच्या रक्षणाला असलेले बेल्जियमचे १० शांतिसैनिक मारले आणि बेल्जियमनं आपलं पथक परत नेलं. तिथं युनोचे अडीच हजार सैनिक होते, जगानं काय करावं, तर २१ एप्रिलला ठराव करून ते २७० वर आणायचं ठरवलं. हे वाचताना मला दरवेळी राग येतो आणि तो येऊ दे असंच वाटतं.

जुलैमध्ये तुत्सी निर्वासितांच्या बंडखोर सैन्यानं, म्हणजे आरपीएफनं, किगाली घेतली आणि संहार थांबला. मग तुरुंगात सव्वा लाखाच्या आसपास माणसं कोंबली गेली, आणि खटले चालवायचे तर न्यायाधीश-वकील एक तर मेलेले नाहीतर पळालेले. हिशोब केला तर नेहमीच्या कोर्टात हे सगळं संपायला १०० वर्षांच्या वर लागली असती. मोठ्या सूत्रधारांसाठी टांझानियात अरुशाला युनोनं वेगळं न्यायालय काढलं, पण ते ९३ आरोपींपुरतं. बाकीच्यांचं काय?

म्हणून त्यांनी गाचाचा काढलं. त्यांच्या भाषेत गाचाचा म्हणजे गवत, गवतावर बसून तंटा मिटवायची जुनी पद्धत, आपल्याकडं पारावर बसायचे तसं. २००२ ला थोड्या ठिकाणी करून बघितलं, २००५ पासून देशभर, १२,००० च्या आसपास अशी न्यायालयं, गावानंच निवडलेले पंच, त्यांना इन्यांगामुगायो म्हणायचे, म्हणजे लबाडीचा तिटकारा असलेली माणसं, पगार नाही, बऱ्याच जणांना धड लिहिता येत नव्हतं. १८ जून २०१२ ला ती बंद केली तोपर्यंत साडेएकोणीस लाख खटले निघाले होते. आकडा पुन्हा वाच, चुकून छापलेला नाही.

इथं एक सांगून ठेवते, पार म्हटलं की आपल्याकडं लगेच जातपंचायत डोळ्यासमोर येते, वाळीत टाकणं, दंड, बाईला तोंड उघडू न देणं, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. त्या पंचायतीचं कौतुक मी करत नाहीये. गाचाचामागं देशाचा कायदा होता, आणि बोलायला बायका उभ्या राहिल्या, पंचांमध्येही बसल्या.

तिथं काय व्हायचं, तर कबुली देणाऱ्याला शिक्षेत सूट होती, पण कबुली म्हणजे नुसतं चुकलो म्हणायचं नाही. कुणाला मारलं, कुठं, बरोबर कोण होतं आणि प्रेत कुठं टाकलं हे सगळ्यांसमोर सांगायचं. वाचलेल्या लोकांना सगळ्यात जास्त हेच शेवटचं हवं होतं. पोरगं गेलं हे त्या आईला माहितीच होतं, पण ते कुठल्या विहिरीत, कुठल्या खड्ड्यात आहे हे न कळता ती दहा वर्षं त्याच रस्त्यानं पाण्याला जात होती. हाडं मिळाली की धुऊन, नीट कापडात ठेवून पुरता येतात. मला विचारशील तर समेट हा शब्द लई मोठा आहे, त्याची सुरुवात एवढ्यापासून झाली, कुठं टाकलंस ते सांग.

गाचाचात दोषही भरपूर होते. आरोपीला वकील नाही, जुनी भांडणं काढायला खोट्या साक्षी, खरं बोलणाऱ्या साक्षीदारांना धमक्या, काहींचे तर खून झाले. ह्यूमन राइट्स वॉचनं २०११ साली हे सगळं सविस्तर मांडलं. आणि आरपीएफच्या सैनिकांनी जे मारले त्यांचे खटले गाचाचात आलेच नाहीत, त्याबद्दल पुढं एका पत्राच्या उत्तरात सांगते.

किगालीच्या दक्षिणेला बुगेसेरा म्हणून जिल्हा आहे, तिथं न्यामाटाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेली हजारो माणसं मारली, आजही बाकांवर त्यांचे कपडे रचून ठेवलेत. त्याच जिल्ह्यात म्ब्यो नावाची वस्ती आहे, एका ख्रिस्ती संस्थेनं उभी केलेली, तिथं शिक्षा भोगून आलेले आणि वाचलेले मुद्दाम शेजारी शेजारी घरं बांधून राहतात. परदेशी पत्रकार नेहमी तिथंच जातात. मी म्हणेन ती वस्ती खरी आहे, पण सगळा देश म्ब्यो नाही. पुष्कळ ठिकाणी लोक एकमेकांना रामराम घालतात आणि आपापल्या घरात जाऊन दार लावतात, आणि तेही मला काही कमी वाटत नाही.

आपला लेख वाचला. मी कागलचा निवृत्त शिक्षक. हुतू आणि तुत्सी म्हणजे नेमकं काय? आपल्यासारखी जात की वेगळा वंश? आणि ओळखपत्रावर ते कसं आलं?

सर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. भाषा दोघांची एकच, किन्यारवांडा. धर्म एक, टेकड्या त्याच, लग्नंही एकमेकांत व्हायची. जुन्या काळात तुत्सी म्हणजे जास्त गुरं असणारा आणि राजदरबाराजवळचा, हुतू म्हणजे शेती करणारा, असं ढोबळमानानं होतं, आणि तिसरे ट्वा, अगदी थोडे. तंतोतंत जात म्हणता येणार नाही आणि वंश तर नाहीच. आधी जर्मन आले, पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियन आले, त्यांनी नाकाची लांबी, कपाळाची रुंदी मोजून ठरवलं की तुत्सी हे वरचढ वंशाचे, मग शाळा, नोकऱ्या, पाटीलकी त्यांनाच, आणि १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र दिलं, त्यावर गट छापलेला. बाप जे तेच पोरगं, बदल नाही. १९५९ ला उलटं फिरलं, हुतू पुढारी वर आले, तुत्सींना मारून हाकलून काढलं, लाखो युगांडा-बुरुंडीला गेले, १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं पण ओळखपत्र तेच राहिलं. त्या हाकललेल्यांचीच पुढची पिढी १९९० साली बंदुका घेऊन युगांडातून आत शिरली.

सर, मला इथं आपले शाहू महाराज आठवतात. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला, तिथंही माणसाची जात कागदावर येतेच, पण ती त्याला काहीतरी द्यायला येते. रवांडात तोच कागद आधी दुसऱ्याचा हक्क काढून घ्यायला वापरला आणि ६० वर्षांनी नाक्यावर उभं करून गळा कापायला. म्हणून कागदावर जात असावी की नसावी याला मला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

त्यांनी मात्र ठरवलं, नसावी. १९९४ नंतर ओळखपत्रावरून ते काढून टाकलं, मी रवांडाचा अशी मोहीमच काढली, शाळेत, कचेरीत कुणाला तू कोण असं विचारायचं नाही. भांडणं लावणारी भाषा थांबवायला त्याचा उपयोग झालाय. पण ट्वा लोकांची तक्रार अशी की आम्ही आधीच मूठभर, गरीब, आता आमचं नावच घ्यायचं नाही म्हटल्यावर आमचं दुखणं मांडायचं कुठल्या नावानं? त्यांना सरकारी भाषेत ऐतिहासिकदृष्ट्या मागं राहिलेले लोक म्हणतात. हा प्रश्न तुम्हाला मला ओळखीचा वाटेल.

मी राजारामपुरीत मोबाईल रिपेअर करतो. तुम्ही मागच्या अंकात रेडिओचा उल्लेख केला होता, नुसत्या रेडिओनं माणूस माणसाला कसं काय मारेल? पटत नाही.

नुसत्या रेडिओनं नाहीच भावा, वरून हुकूम होता, टोळ्या तयार होत्या, कोयत्यांची खेप आधीच येऊन पडली होती. पण आरटीएलएम नावाचं स्टेशन १९९३ ला सुरू झालं, गाणी मस्त, निवेदक गावरान भाषेत गप्पा मारणारे, आणि गाण्यांच्या मधे तुत्सींना इन्येंझी म्हणायचं, म्हणजे झुरळ. महिनोन् महिने ऐकलं की जिभेवर बसतं. संहार सुरू झाल्यावर तर कोण कुठं लपलंय त्याची नावं, गाड्यांचे नंबर हवेतून सांगितले. २००३ साली अरुशाच्या न्यायालयानं त्या स्टेशनच्या चालकांना आणि एका वर्तमानपत्राच्या संपादकाला शिक्षा दिली, शब्दाबद्दल.

७ जून २०२३ तुला आठवत असेल, मोबाईलवरच्या स्टेटसवरून आपल्या गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, शाहूंच्या गावात हे कसं झालं म्हणून सगळे हळहळले. त्याची आणि रवांडाची तुलना मी करत नाही, ती चूक होईल. पण तुझ्या दुकानात रोज शंभर फोन येतात, त्यात माणसाला किडा-मुंगी म्हणणारे मेसेज किती फिरतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

मी शिरोळ तालुक्यातली, दोन म्हशी आणि एक गाय आहे, संघाला दूध घालते. २०१९ च्या पुरानंतर परत उभं राहायला आम्हाला किती वर्षं लागली ते आमचं आम्हाला माहीत. त्या देशात तर माणसंच राहिली नव्हती, मग त्यांनी संसार कसा उभा केला, बायकांनी काय केलं?

वहिनी, तुमच्या पत्राचं उत्तर लिहायला मला सगळ्यात आनंद झाला कारण ते गाईपासूनच सुरू होतं. रवांडात गाय म्हणजे नुसतं दूध नाही, इज्जत. तिथला एक जुना नमस्कार आहे, त्याचा अर्थ तुझ्या घरी गुरांचे कळप होवोत, आणि समोरचा म्हणतो गाईंचे होवोत. ज्यानं गाय दिली त्याच्याशी जन्माचं नातं. २००६ साली सरकारनं गिरिंका म्हणजे तुझ्याकडं गाय असो अशी योजना काढली, गरीब घराला एक गाय फुकट, अट एकच, तिला झालेली पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्यायची. आता विचार करा, ती कालवड कुणाच्या दावणीला जाणार हे काही ठिकाणी असं जुळून आलं की वाचलेल्या बाईची कालवड मारणाऱ्याच्या घरी गेली नाहीतर उलटं. गाभण गेली का, चारा आहे का, दूध किती देते, एवढं बोलणं तरी दोन घरात सुरू झालं. तुम्हाला सांगायला नको, जनावर आजारी पडलं की माणूस अबोला विसरून शेजाऱ्याचं दार वाजवतो. २०१८ च्या जुलैत आपले पंतप्रधान मोदी तिथं गेले तेव्हा भारताकडून २०० गाई दिल्या, त्याही बुगेसेरातल्याच र्‌वेरू गावात.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा असतो, सकाळी गावातले सगळे खोरी-पाट्या घेऊन रस्ता, गटार, शाळेची भिंत करतात आणि मग बसून गावच्या गोष्टी बोलतात, आपलं श्रमदान म्हणा, पण सक्तीचं. २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत आणि तो नियम खरंच पाळला जातो. गावपातळीवरचा आरोग्य विमा आहे, दहातले नऊ जण कुठल्या ना कुठल्या विम्यात आहेत.

बायकांचं विचाराल तर १९९४ नंतर उरलेल्यात बायकाच जास्त होत्या, पुरुष मेलेले, तुरुंगात नाहीतर सीमेपलीकडं. नांगर, बाजार, घराचं छप्पर सगळं त्यांच्यावर. आधीच्या रिवाजानं बापाची जमीन मुलीला मिळत नव्हती, १९९९ ला कायदा करून ती दिली. २००३ च्या राज्यघटनेत ३० टक्के जागा बायकांना, आणि २००८ ला जगातली पहिली संसद झाली जिथं बायका पुरुषांपेक्षा जास्त, २०१३ ला तर ६४ टक्क्यांच्या आसपास.

पण हेही लिहायलाच पाहिजे की त्या १०० दिवसात अडीच ते पाच लाख बायकांवर बलात्कार झाले असा युनोचा अंदाज आहे. कितीतरी जणींना एचआयव्ही झाला. १९९५ ला विधवांनी अवेगा नावाची आपली संघटना काढली, औषधं, घरं, कोर्टात जाताना सोबत. १९९८ ला अरुशात आकायेसू नावाच्या एका नगरप्रमुखाला शिक्षा झाली तेव्हा जगात पहिल्यांदा न्यायालय म्हणालं की बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचा भाग असू शकतो. तो निकाल देणाऱ्यांत नवनीतम पिल्ले होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ घरातल्या. त्या अत्याचारातून जन्मलेली मुलं आता तिशीत आहेत, आणि वाचलेल्यांसाठी जो सरकारी निधी काढला होता त्यात ती बसत नव्हती, कारण ती १९९४ नंतर जन्मली. त्या आयांनी काय सोसलं असेल त्याला माझ्याकडं शब्द नाहीत.

आम्ही बिंदू चौकातल्या कट्ट्यावरचे चौघेजण. ही सगळी त्या कागामे साहेबाची जाहिरात नव्हे काय? ३० वर्षं एकच माणूस, निवडणुकीत ९९ टक्के मतं. भीतीनं गप्प बसलेत त्याला समेट म्हणायचं का?

तुमचा राग अर्धा बरोबर आहे. पॉल कागामे हे आरपीएफचे सेनापती होते, २००० पासून राष्ट्राध्यक्ष, २०१५ ला घटना बदलून पुढचा रस्ता मोकळा केला, २०१७ ला जवळजवळ ९९ टक्के आणि २०२४ ला ९९ च्या वर मतं. व्हिक्टोआर इंगाबिरे नावाच्या विरोधी नेत्या २०१० ला परदेशातून परतल्या, किगालीच्या स्मारकावर जाऊन म्हणाल्या की मारल्या गेलेल्या हुतूंचं काय, त्या वर्षीच अटक झाली आणि २०१८ ला सुटल्या. वंशसंहार विचारसरणीविरोधी कायदा आहे, तो द्वेष पसरवणाऱ्यावर चालतो आणि तोच नको ते विचारणाऱ्यावरही चालतो. आरपीएफनं १९९४ ला आणि पुढं काँगोत जे हुतू नागरिक मारले त्यांच्या घरच्यांना उघड्यावर रडायलाही जागा नाही. दोन्हीकडचं सारखंच असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल, वंशसंहार तुत्सींचा झाला. पण ज्याचा बाप गेला त्याला तो बापच असतो.

आणि काँगो. १९९४ च्या जुलैत मारणाऱ्यांसकट लाखो हुतू सीमा ओलांडून तिकडं गेले, तिथून हल्ले सुरू झाले, १९९६ ला रवांडाचं सैन्य आत घुसलं आणि ती आग अजून विझलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत एम२३ बंडखोरांनी गोमा शहर घेतलं, युनोच्या तज्ज्ञांनी वारंवार लिहिलंय की त्यांच्यामागं रवांडाचं सैन्य आहे, किगाली म्हणतं आम्ही फक्त आमचं रक्षण करतो. घरात शांतता आणि शेजाऱ्याच्या अंगणात लढाई, हे फार दिवस चालणारं नाही असं मला वाटतं.

तुमचा राग अर्धाच बरोबर का म्हणाले ते सांगते. सरकारी आयोगानं २०२० ला मोजलं तर समेटाचा आकडा निघाला ९४.७ टक्के, आणि या आकड्यावर मीही विसंबत नाही. सरकारनं विचारलं तर कोण नाही म्हणेल? पण २०१८ साली किगालीच्या गासाबो भागात घरांखाली मोठमोठ्या सामूहिक कबरी सापडल्या, तोपर्यंत गाचाचा संपून सहा वर्षं झाली होती. २०२३ पासून दक्षिणेत हुये जिल्ह्यात एका घराखाली आणि आजूबाजूला हजाराहून जास्त मृतांचे अवशेष निघाले. म्हणजे इतकी वर्षं त्या गल्लीतल्या लोकांना माहिती होतं, त्याच अंगणात पोरं खेळत होती, आणि शेजारणीला रोज दिसत असून कुणी सांगितलं नाही. आकड्यापेक्षा हे जास्त बोलतं.

दरवर्षी एप्रिलमध्ये क्विबुका असतो, म्हणजे आठवण, ७ तारखेपासून आठवडाभर दुखवटा आणि १०० दिवस स्मरण. तेव्हा स्टेडियममध्ये, शाळेत अचानक कुणीतरी किंचाळायला लागतं, श्वास अडकतो, पळत सुटतं, जणू आत्ताच कोयते घेऊन मागं लागलेत. त्याला इहाहामुका म्हणतात. १९९४ नंतर जन्मलेल्या मुलांनाही होतं. स्वयंसेवक पाणी, चादरी घेऊन तयारच असतात.

मग भीती नसती तर काय झालं असतं? १९९४ च्या जुलैत रस्त्यावर कुत्री प्रेतं खात होती त्या देशात सूड घ्यायला लाखो हात शिवशिवत असताना कुणीतरी घट्ट हातानं थांबवलं नसतं तर आज लिहायला काही उरलं नसतं. २००७ ला त्यांनी फाशी रद्द केली, ज्यांच्यावर वंशसंहाराचा आरोप होता त्यांचीसुद्धा, हे मला फार मोठं वाटतं. पण तो घट्ट हात कधी सैल करायचा हे त्यांनी ठरवलेलं दिसत नाही, आणि तो एका माणसाचा हात आहे, त्याचं वय होणारच. काळजी मला त्याची आहे.

ताई, करवीर तालुक्यातलं गाव, नाव देऊ नका. २००४ ला बांधाच्या भांडणात चुलत्यानं वडिलांच्या हातावर काठी घातली, हात कायमचा गेला. गावकीनं मिटवलं. वडील आता न्हाईत. चुलत्याच्या नातीचं लगीन हाय, पत्रिका आल्या. आई म्हणत्या त्या दारात पाय ठेवणार न्हाई, भाऊबंद म्हणत्यात झालं गेलं सोडा. तुमचा लेख वाचून मनात आलं की ते लोक एवढं सोडत्यात, मग आम्ही का न्हाई?

दादा, आधी एक करा, आईला तो लेख वाचून दाखवू नका. त्या लोकांनी एवढं सोडलं मग तू का नाही, हे वाक्य रवांडातल्या वाचलेल्या बायकांनाही ऐकावं लागलं, सरकारकडून, चर्चकडून, शेजाऱ्यांकडून, आणि कितीजणींनी सांगितलंय की ती जबरदस्तीची माफी मारापेक्षा जड गेली. माफी आईची आहे, भाऊबंदांची नाही.

तुमच्या पत्रात गावकीनं मिटवलं हे दोन शब्द आहेत, त्यात काय काय झालं? चुलत्यांनी चारचौघात उभं राहून मी मारलं असं म्हटलं का? दवाखान्याचा खर्च, बुडलेली मजुरी कुणी दिली? बहुतेक नाही, नाहीतर तुम्ही लिहिलं असतंत. गाचाचात सगळ्यात जास्त खटले खुनाचे नव्हते बरं का, तीनातले दोन मालमत्तेचे होते, गुरं नेली, घरावरची कौलं काढून नेली, पीक कापून नेलं. त्यात बसून भरपाई ठरवायचे, पैसे नसतील तर रानात काम करून फेडायचं, आणि काहींनी तसं फेडलंही.

लग्नाआधी चुलत्यांनी तुमच्या घरी यावं, ज्या भाऊबंदांनी तेव्हा मिटवलं त्यांच्याच समोर. काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं, नुसतं झालं गेलं नाही. आणि त्या बांधाची सरकारी मोजणी अजून झाली नसेल तर दोघांनी मिळून अर्ज करा, खुणा पक्क्या करून घ्या, नाहीतर तुमची पोरं परत तिथंच काठ्या काढतील. हे सगळं झाल्यावरही आई नाही म्हणाली तर तुम्ही एकटे अक्षता टाकून या, आणि आल्यावर तिला कुणी बोलणार नाही एवढं बघा.

मी नववीत आहे. रवांडाची क्रिकेट टीम आहे का?

आहे तर! १९९४ नंतर जे निर्वासित युगांडा, केनिया, टांझानियातून परत आले त्यांनी हा खेळ बरोबर आणला. पहिली बरीच वर्षं त्यांचं एकच मैदान होतं, किगालीतल्या किचुकिरो भागातल्या एका तांत्रिक शाळेचं. त्या शाळेत १९९४ ला युनोच्या बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर दोनेक हजार माणसं आसऱ्याला आली होती, ११ एप्रिलला सैनिक गाड्यात बसून निघून गेले आणि त्यातले बहुतेक सगळे मारले गेले. त्याच मैदानावर पुढं पोरं बॅट-बॉल घेऊन उतरली. २०१७ ला गहांगा इथं नवं स्टेडियम झालं, पॅव्हेलियनचं छप्पर टप्पे घेत जाणाऱ्या चेंडूसारखं तीन कमानींचं आहे, फोटो बघ.

आणि २०२३ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत १९ वर्षांखालच्या मुलींचा पहिला टी-२० वर्ल्ड कप झाला, तोच जो आपल्या शेफाली वर्माच्या टीमनं जिंकला, त्यात रवांडाच्या मुली पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी आधी झिम्बाब्वेला हरवलं आणि मग वेस्ट इंडिजला.